आधी पोरगं शोधा, बावा!

अपहरणाचा सिनेमा लागला, की प्रेक्षक खुर्चीच्या टोकाशी सरकून बसतो. खून होऊन गेलेला असतो, त्यामुळे खुनाच्या सिनेमात घाई फक्त पोलिसांना. अपहरणात मात्र पोर अजून जिवंत असू शकतं. म्हणून घड्याळाचा काटा आपल्याही छातीत टिकटिकतो. अशा सिनेमांची गुणवत्ता जोखायची माझी एकच कसोटी आहे: मारामाऱ्या, गाणी, धक्के या सगळ्या धबडग्यात ते हरवलेलं पोर आपल्या लक्षात राहतं का? राहिलं तर सिनेमा जिंकला. ही कसोटी हातात धरून मुंबई, पुणे, जपान आणि आपला यवतमाळ जिल्हा असा एक फेरफटका मारू.

१. पोरगं चुकीचं, प्रश्न बरोबर

१९७७ चा ‘इन्कार’ आठवतो? बुटांच्या कंपनीचा मालक म्हणजे डॉ. श्रीराम लागू, सीआयडी इन्स्पेक्टर विनोद खन्ना आणि अपहरणकर्ता अमजद खान. पळवायचं असतं मालकाचं पोर, हाती लागतं ड्रायव्हरचं. आता दुसऱ्याच्या लेकरासाठी आपली आयुष्यभराची कमाई द्यायची का? सिनेमाचं सगळं बळ या एका प्रश्नात आहे. साधू मेहरचा हतबल ड्रायव्हर समोर उभा आणि मालकाच्या मनात हिशेब चाललेला. कान-नाक-घशाचे सर्जन असलेले आणि ‘नटसम्राट’ रंगभूमीवर गाजवलेले लागू इथे आवाज न चढवता घालमेल दाखवतात. राज सिप्पी यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. पदार्पणातच इतका अवघड विषय हाताळला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

२. गोष्ट जपानमार्गे आली

‘इन्कार’चं मूळ आहे अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ च्या ‘हाय अँड लो’मध्ये. तोही अमेरिकी लेखक एड मॅकबेन यांच्या कादंबरीवर बेतलेला. म्हणजे कथा अमेरिकेत जन्मली, जपानात मोठी झाली आणि मुंबईत गाणी म्हणू लागली. कुरोसावांचा सिनेमा कृष्णधवल आहे, पण त्यात एकदाच रंग येतो. खंडणीच्या बॅगेत पोलिसांनी लपवलेली पूड जळते आणि धुराड्यातून गुलाबी धूर निघतो. अख्ख्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात तेवढाच गुलाबी रंग! माग दाखवायचा तर असा दाखवावा. संवादाची गरजच उरत नाही.

३. ‘मुंगडा’ जमेची बाजू की कच्चा दुवा?

‘इन्कार’ म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला आधी हेलन आठवते. दारूचा गुत्ता, राजेश रोशन यांचा ठेका आणि उषा मंगेशकरांचा खणखणीत आवाज. गाणं भन्नाटच आहे, आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. तपासाच्या सिनेमात मात्र गाण्याची किंमत मोजावी लागते. पोर धोक्यात असताना आपण ठेका धरतो, म्हणजे काही मिनिटं आपण त्याला विसरलो. माझ्या कसोटीवर गाण्याला पैकीच्या पैकी आणि त्या काही मिनिटांपुरते सिनेमाला कमी गुण. उत्तरार्धात हाणामारीनं तपासाची जागा घेतली, तिथे आणखी थोडे कमी.

४. तेव्हा खंडणीसाठीच्या अपहरणाचं वेगळं कलमच नव्हतं

‘इन्कार’ आला तेव्हा भारतीय दंड संहितेत खंडणीसाठीच्या अपहरणाचं स्वतंत्र कलम नव्हतं. कलम ३६४-अ आलं १९९३ मध्ये. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तो गुन्हा कलम १४०(२) मध्ये गेला. विनोद खन्नाच्या इन्स्पेक्टरला आरोपपत्रासाठी वेगवेगळ्या कलमांची जुळवाजुळव करावी लागली असती. जुने सिनेमे बघताना हा तपशील लक्षात ठेवा, पात्रांची अडचण अधिक कळते.

५. पुण्याचं वास्तव सगळ्या पटकथांना पुरून उरलं

१९७६ च्या जानेवारीत पुण्यात अभिनव कला महाविद्यालयातल्या चौघांनी एका ओळखीच्या तरुणाला पळवलं, मारलं आणि वडिलांना खंडणीची चिठ्ठी पाठवली. पुढे तेच जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखलं गेलं. एकूण १० बळी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) याच प्रकरणावर बेतलेला आणि त्यात नाना पाटेकर. या सिनेमाची जमेची बाजू एकच, पण जबरदस्त: नानाच्या डोळ्यांतला थंडपणा. वास्तवावरच्या सिनेमात मोठा धोका असतो तो गुन्हेगारच नायक वाटू लागण्याचा. नटाची ताकद जितकी मोठी, तितका हा धोका जवळ. असा सिनेमा पाहताना बळी गेलेल्यांसाठी मन थोडं राखून ठेवावं.

६. पहिल्या सिनेमातही अपहरण, तेही बनावट!

याच हत्याकांडाची सावली अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’वर आहे. बँडमधली मुलं पैशासाठी अपहरणाचा बनाव रचतात आणि सगळं हाताबाहेर जातं. सेन्सॉरच्या आक्षेपांत अडकलेला हा कश्यप यांचा पहिला सिनेमा वर्षानुवर्षं थिएटरात पोहोचलाच नाही. त्यातल्या टोळक्यात आदित्य श्रीवास्तवही आहे. होय, ‘सीआयडी’ मालिकेतला आपला इन्स्पेक्टर अभिजीत! टीव्हीवर गुन्हेगार पकडणारा माणूस इथे गुन्हेगारांच्या घोळक्यात बसलेला दिसतो.

७. ‘अग्ली’: मावशी बहीण झाली

दहा वर्षांनंतर कश्यप पुन्हा अपहरणाकडे वळले. ‘अग्ली’त दहा वर्षांची काली बापाच्या गाडीतून गायब होते. आईच्या भूमिकेत तेजस्विनी कोल्हापुरे, जी ‘पाँच’मध्येही होती. आईच्या भावाच्या भूमिकेत सिद्धांत कपूर, शक्ती कपूर आणि शिवांगी कोल्हापुरे यांचा मुलगा. म्हणजे प्रत्यक्षात तेजस्विनी त्याची सख्खी मावशी, पडद्यावर बहीण. घरातल्या माणसांमध्ये जो ओळखीचा, किंचित चिडका सहजपणा असतो तो या जोडीत आयता सापडतो. नात्यांवर उभ्या असलेल्या कथेला हे फार उपयोगी पडलं आहे.

८. ठाण्यातला तो प्रसंग

‘अग्ली’ची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे इन्स्पेक्टर जाधव, म्हणजे गिरीश कुलकर्णी. बाप आणि त्याचा मित्र धापा टाकत ठाण्यात येतात. पोरगी हरवली आहे, प्रत्येक क्षण मोलाचा आहे. जाधव मात्र निवांत. बापानं सिनेमासाठी आडनाव का बदललं, याची चौकशी. कुणाचा फोन आला की मोबाइलवर त्याचा फोटो कसा दिसतो, याचं कुतूहल. तो आधी ते तंत्र नीट समजून घेणार, मग तक्रारीकडे वळणार! हा लांबलचक प्रसंग बराचसा जागेवरच फुलवलेला आहे. बघताना आधी हसू येतं, मग हसल्याची लाज वाटते आणि शेवटी संताप येतो. एका प्रसंगात तीन भावना आणि त्याही एका खुर्चीत बसून. आपल्याकडच्या कोणत्याही ठाण्याचा जुनं कळकट टेबल, फायलींचा गठ्ठा आणि ‘बसा जरा’ म्हणणारा साहेब ज्यानं पाहिला आहे, त्याला हा प्रसंग विसरता येणार नाही.

९. एकाच वर्षी डिटेक्टिव्हही आणि फौजदारही

गिरीश कुलकर्णींचं २०१३ हे वर्ष बघा. जानेवारीत निखिल महाजनचा ‘पुणे ५२’ आला. त्यात १९९२ च्या पुण्यातला खासगी गुप्तहेर अमर आपटे. मे महिन्यात ‘अग्ली’ कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात, त्यात इन्स्पेक्टर जाधव. अमर आपटे पैशाच्या ओढीनं गुरफटत जातो, जाधवला कसलीच घाई नाही. ‘देऊळ’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या नटानं तपासाची दोन टोकं एका वर्षात दाखवली. पुढे २०१७ च्या ‘फास्टर फेणे’त हाच माणूस खलनायक आप्पा झाला, तोही भा. रा. भागवतांच्या लाडक्या बनेशसमोर!

१०. सिनेमा कानमध्ये, निकाल दिल्लीत

हा योगायोग विलक्षण आहे. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेत आदेश दिला, की मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवा आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून तपास सुरू करा. त्याच महिन्यात कानला ‘अग्ली’ दाखवला गेला, ज्यात ठाणेदार फोनवरच्या फोटोत रमला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर बंधनकारक असल्याचं घटनापीठानं सांगितलं. जाधवची बेफिकिरी म्हणजे या दोन निकालांची गरज काय होती, याचं चालतंबोलतं उत्तर आहे.

११. सिगारेटमुळे अडलेला सिनेमा

कानला टाळ्या मिळाल्या, पण भारतात ‘अग्ली’ लागला २६ डिसेंबर २०१४ ला. मधल्या काळात पडद्यावरच्या धूम्रपानविरोधी इशाऱ्यांच्या सक्तीवरून कश्यप उच्च न्यायालयात गेले होते. प्रदर्शन झालं तेही ‘पीके’च्या दुसऱ्या आठवड्यात. सगळं गाव आमिर खानकडे धावत असताना हा अंधारा, कडू सिनेमा कोण बघणार? अनेकांनी तो नंतर मोबाइलवर शोधून पाहिला आणि मग एकमेकांना सांगत सुटले.

१२. ‘अग्ली’चे कच्चे दुवे, रोखठोक

आता दुसरी बाजू. एक, सगळीच माणसं स्वार्थी. खंडणीची संधी साधायला घरचीच माणसं पुढे सरसावतात, हा धक्का पहिल्यांदा बसतो, तिसऱ्यांदा आपण तयारच असतो. एखादं तरी माणूस खरोखर पोरीसाठी तडफडताना दिसलं असतं, तर बाकीच्यांचा कोतेपणा अधिक बोचला असता. दोन, रोनित रॉयचा अधिकारी शौमिक बोस फोन चोरून ऐकतो तेही सहज, आणि बायकोचेही. त्या काळच्या टेलिग्राफ कायद्यानुसार फोन टॅप करायला गृहसचिवांची परवानगी लागायची. सिनेमा या गोष्टीला हातही लावत नाही. तीन, काली आपल्याला फार थोडी भेटते. मोठ्यांच्या भांडणात पोर हरवतं हाच सिनेमाचा मुद्दा आहे, मान्य. तरी तिच्यासोबत आणखी दोन प्रसंग घालवता आले असते, तर शेवट कितीतरी पट जास्त झोंबला असता.

१३. हाच सिनेमा यवतमाळात घडला तर?

कुरोसावांच्या सिनेमात खंडणीची बॅग धावत्या एक्स्प्रेसमधून फेकली जाते. आपल्या शकुंतलेत ही युक्ती चालली नसती! यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटर कापायला ती नॅरोगेज गाडी चार तासांहून जास्त घ्यायची. बॅगेमागून उडी मारून पोलीस आरामात पोहोचले असते. खरा थरार आहे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर. पांढरकवडा सोडलं, पाटणबोरी गेलं, पैनगंगेचा पूल ओलांडला, की आदिलाबाद. राज्य बदललं, पोलीस बदलले, भाषा बदलली. म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेच्या (एलसीबी) पथकाची खरी परीक्षा पुलापलीकडे सुरू होणार.

आणि साक्षीदार? केळापूर-झरीकडे कोलामी, गोंडी आणि तेलुगू बोलणारी माणसं, पुसद-दिग्रसकडे गोरमाटी बोलणारे तांडे. ढाब्यावरच्या पोरानं पांढरी गाडी पाहिली असेल, पण विचारणाऱ्याला त्याची भाषा आली पाहिजे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पटकथाकाराला बसल्या जागी इतकं खाद्य आहे. त्यातून ‘झिरो एफआयआर’ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. हद्द कुणाचीही असो, तक्रार जवळच्या ठाण्यात नोंदवता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हा सिनेमातला ठरावीक संवाद कायद्यानं कालबाह्य ठरवला आहे.

१४. शोधाचा थरार आपण आधीच पाहिलाय

अपहरण नसलं, तरी माग काढण्याचा एक मोठा थरार या जिल्ह्यानं अनुभवला: टी-१, म्हणजे अवनी वाघीण. ट्रॅप कॅमेरे, हत्ती, परदेशी जातीचे कुत्रे, पॅराग्लायडर, अगदी वाघिणीला खुणावण्यासाठी उंची अत्तरसुद्धा! २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात ती मारली गेली. २०२१ मध्ये अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ आला तेव्हा त्याचं या प्रकरणाशी साम्य सगळ्यांनी ओळखलं, मात्र चित्रीकरण झालं मध्य प्रदेशात. ‘शेरनी’ची जमेची बाजू काय? शोध कंटाळवाणा, चिवट आणि पावलापावलाचा असतो हे त्यात दिसतं. ठसे मोजणारे गावकरी आणि वनरक्षक त्यात खरे वाटतात. अपहरणपटांनी ही चिकाटी उसनी घ्यावी.

मग बघायचं काय आणि कसं?

आधी ‘हाय अँड लो’, मग ‘इन्कार’, मग ‘अग्ली’. या क्रमानं पाहिलं, तर एकाच कल्पनेचं तीन काळांत काय झालं ते कळतं. कुरोसावांकडे पोलीस झपाटून काम करतात, ‘इन्कार’मध्ये एकटा नायक करतो आणि ‘अग्ली’त कुणीच करत नाही. लहान मुलांसोबत बघायचं असेल तर ‘फास्टर फेणे’ घ्या. ‘अग्ली’ मुलांना दाखवू नका.

आणि यवतमाळच्या नव्या दिग्दर्शकांना एक मागणं. खलनायकाच्या अड्ड्यावर पैसा घालवू नका, पहिल्या तासाचा सिनेमा करा. आईनं ११२ वर केलेला फोन, १०९८ वरची चाइल्ड हेल्पलाइन, बसस्थानकावर फोटो दाखवत फिरणारा शिपाई, रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर गेलेला निरोप. मूल सापडायची शक्यता या पहिल्या तासात सगळ्यात जास्त असते आणि आपल्या सिनेमांनी नेमका तोच तास घाईत उरकला आहे. तो तास प्रामाणिकपणे दाखवणारा सिनेमा आला, तर प्रेक्षक खिळून राहतीलच, आणि उद्या खरंच कुणाचं लेकरू हरवलं तर काय करायचं हेही त्यांना ठाऊक असेल.