टँक आजच आणा, मासे महिन्याभरानंतर

माझी बहीण दिल्लीत, मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटमध्ये राहते. लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला भावोजींनी दोन फुटी फिश टँक आणला. त्याच संध्याकाळी पाणी भरले, दिवा लागला आणि सहा गोल्डफिश आत सोडले गेले. पोर जेवायलाही उठेना!

चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. घाबरून बहिणीने सगळे पाणी बदलले, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. आठवडा संपेपर्यंत एकही मासा उरला नाही. ''मावशी, मी खाऊ जास्त दिला म्हणून ते मेले का गं?'' भाचीने फोनवर विचारले. मला उत्तर सुचेना.

स्वच्छ दिसणारे विष

पाणी तर काचेसारखे स्वच्छ होते. मग झाले काय? माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया मिसळतो. नदीत तो विरून जातो, पण दोन फुटी टँकमध्ये जेमतेम 55 लिटर पाणी असते. तेथे साचलेला अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

याचा बंदोबस्त करतात सूक्ष्म जिवाणू. एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवतो. तेही विषारीच, कारण त्यामुळे माशांच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे बरेच कमी घातक असते. मातीतील अशा जिवाणूंचा शोध 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने लावला. शेताला पोसणारे हेच काम टँकमध्येही चालते. मात्र नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसल्यासारखेच असतात. ते स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात आणि त्यांना वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

विरजण लावा

दुधाचे दही व्हायला विरजण आणि ऊब लागते, तसेच येथेही आहे. तयारी अशी करा :

• खडे धुऊन घाला, टँक भरा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारते, म्हणून क्लोरीन घालवणारे औषध आधी वापरा. दिल्लीत घरोघरी आरओ असतो, पण नुसते आरओचे पाणी भरू नका. जिवाणूंना आणि माशांना पाण्यातले क्षार हवे असतात.

• फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. जिवाणूंना प्राणवायू लागतो.

• मासे नसले तरी रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो. तेच जिवाणूंचे अन्न.

• ओळखीच्यांकडे निरोगी माशांचा जुना टँक असेल, तर त्यातील स्पंजचा तुकडा मागून आणा. हेच तुमचे विरजण!

• दिल्लीच्या थंडीत दही उशिरा लागते, तसे जिवाणूही मंदावतात. हीटर लावून पाणी 26 अंशांच्या आसपास ठेवा.

मासे केव्हा सोडावेत?

अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासणारा संच बाजारात मिळतो. आधी अमोनिया वाढेल, मग नायट्राइट. खाद्य घालणे चालू असतानाही हे दोन्ही सलग काही दिवस शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टँक तयार झाला असे समजा. आता निम्मे पाणी बदला आणि थोडेच मासे सोडा. दोन-तीन गप्पी किंवा पाच-सहा झेब्रा डॅनिओ पुरे. झेब्रा मूळचा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला, काटक मासा. गोल्डफिश मात्र खूप घाण करतो आणि मोठाही होतो. दोन फुटी टँक त्याला अपुरा पडतो.

पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो हलके पिळून घ्या.

घाईत मासे सोडून बसला असाल, तर खाद्य कमी करा आणि रोज पाव हिस्सा पाणी बदला. नवे पाणीही क्लोरीन काढलेलेच हवे.

बहिणीने पुन्हा टँक मांडला. या वेळी भाचीने रोज रिकाम्या टँकमध्ये चिमूटभर खाद्य टाकले आणि कॅलेंडरवर खुणा केल्या. सहाव्या आठवड्यात झेब्रा आले. ते आजही मजेत आहेत. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तरही मी आता देऊ शकले, ''नाही गं राणी, तुझ्या खाऊने नाही मेले. आपण त्यांचे घर तयार होण्याआधीच त्यांना बोलावले होते.''