वनस्पतिकुळांची ओळख – लेखांक १४ : अननसाची भावकी

गेल्या आठवड्यात घायपात आणि कोरफड झाली. त्यांच्या मागोमाग एक शंका हमखास येते : मग अननसही त्यांच्यातलाच का? बुंध्याशी गोल रचलेली पानं, जाड, टोकदार, कडेला काटे. दिसायला सगळं तेच. पण आजच्या वर्गीकरणाला विचाराल तर महागावच्या शिवारातली ज्वारी आणि ऊस हे अननसाला घायपातापेक्षा जवळचे आहेत. गवतांचं कूळ आणि अननसाचं ब्रोमेलिएसी कूळ, दोन्ही पोएलीज या एकाच गणात बसतात. घायपात, कोरफड ॲस्परॅगेलीज गणात, तर केवडा तिसऱ्याच गणात. पानांच्या ठेवणीवरून नातं ठरवणं म्हणजे आडनावावरून भावकी ठरवण्यासारखं आहे.

मग ओळखायचं कशावरून? या कुळातलं आपल्या सगळ्यांच्या हातात आलेलं झाड एकच, ते म्हणजे बाजारातल्या हातगाडीवरचा अननस. तोच नीट बघू. त्याच्या सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक फूल. डोळ्याच्या खालच्या अंगाला वाळलेलं टोकदार पातं दिसतं, ते फुलाचं छद. त्याच्याआड मिटून बसलेली तीन जाड दलं म्हणजे संदल. डोळा सुरीने उभा चिरला, की आत लहानशी पोकळी आणि वाळून काळे पडलेले धागे सापडतात : पुंकेसर आणि कुक्षिवृंत. विकणारा तिरप्या खाचा पाडून काढून टाकतो, ते हेच. अंडाशय या सगळ्याच्या खाली, मांसल भागात असतं. अशी शंभरावर फुलं आणि मधला दांडा एकजीव होऊन आपण खातो ते फळ तयार होतं. पाकळ्याही तीनच, जांभळ्या. पण फळ बाजारात येईपर्यंत त्या कधीच वाळून गेलेल्या असतात.

तीन संदलं वेगळी आणि तीन पाकळ्या वेगळ्या, ही पहिली खूण. घायपातीच्या फुलात सहा दलं, सहाही सारखीच. दुसरी खूण शेंडीच्या पानावर. पान उलटं करून नखाने खरवडा, पांढुरका थर निघतो. भिंगाखाली तो बारीक खवल्यांचा दिसतो. या कुळातल्या अनेक जाती याच खवल्यांनी पाणी शोषतात. झाडावर वाढणाऱ्या जातींत मुळांचं काम मुख्यतः फांदीला धरून राहण्याचं. विदर्भाच्या रानात आंब्या-मोहावर वाढणारी रास्ना मात्र या कुळातली नाही, ती आमरी (ऑर्किड) आहे. ती पाणी पिते जाड, लोंबत्या मुळांनी. आणि दोघीही बांडगूळ नव्हेत, हे पुन्हा सांगायला हवं. ज्या झाडावर बसतात त्याचा रस त्या घेत नाहीत.

कुळाच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत, आणि एक सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. ती एक, पिटकेर्निया फेलिसियाना, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत उगवते. अननस आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला. कुळाला नाव मिळालं ते ओलोफ ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याचं.

पोटविभागणी पूर्वी फळ आणि बी यांवरून तीन उपकुळांत होई. रसाळ फळ आणि बहुधा काटेरी पानं, तो ब्रोमेलिऑइडी गट, अननस यातला. सुकं बोंड आणि उडायला मऊ केसांचा झुपका असलेलं बी, तो टिलँडसिऑइडी; यांच्या पानांची कड गुळगुळीत. पंख असलेलं बी, तो पिटकेर्निऑइडी. लायमन स्मिथ आणि रॉबर्ट डाऊन्स यांचा १९७४ ते १९७९ दरम्यान निघालेला तीन भागांचा ग्रंथ याच चौकटीवर उभा आहे. पुढे डीएनएच्या अभ्यासात तिसरा गट एकसंध नसल्याचं निघालं आणि २००७ मध्ये उपकुळं आठ झाली. पहिल्या दोन गटांना मात्र धक्का लागला नाही, आणि कुंडीतल्या रोपांपुरतं तेवढं आपल्याला पुरतं.

नर्सरीतल्या पाटीवर बहुतेक वेळा नुसतं ‘ब्रोमेलियाड’ लिहिलेलं असतं. पानाची कड चाचपा. गुळगुळीत आणि मधून लाल-पिवळ्या छदांचा तुरा वर आलेला, तर बहुधा गुझमानिया. काटेरी, पानांवर रुपेरी पट्टे आणि गुलाबी तुरा, तर एकमिया फॅसिएटा. तुरा वर न येता मधली पानंच लाल झाली असतील आणि फुलं पानांच्या मधल्या पेल्यात साठलेल्या पाण्याशी दबून असतील, तर निओरेगेलिया. पानांखाली जांभळा रंग आणि होडीसारख्या छदात पांढरी फुलं असलेला ऱ्हिओ मात्र या कुळातला नाही, तीन पाकळ्या असल्या तरी. तो केन्याच्या कुळातला. बाजारातली बरीच रोपं संकरित असल्याने प्रजातीपर्यंत पोचलात की पुरे. जातीचं नाव ठोकून देऊ नका.

फुलून गेलेलं रोप हळूहळू मरतं, पण बुंध्याशी पिलं सोडतं. तेव्हा ते उपटून फेकू नका. पानांच्या पेल्यातलं पाणी आठवड्यातून एकदा बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. पुढच्या आठवड्यात केना. बांधावर सापडला तर फुलासकट आणून ठेवा.