एक जिवाणू, औषधे अनेक

जठरातल्या आम्लात जिवाणू तग धरत नाहीत, असे आपण पूर्वी मानत होतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी रुग्णांच्या जठरातून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला. जठरातील व्रणांमागे बहुधा हाच असतो. युरिएज या विकराच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया बनवतो व भोवतालचे आम्ल उदासीन करतो.

मग एक प्रतिजैविक पुरत नाही का? समजा, कोटी जिवाणूंत एक उत्परिवर्तनामुळे त्या औषधाला दाद देत नाही. आपण तेवढेच औषध घेतले, तर तोच उरेल आणि वाढेल. दोन्ही औषधांना दाद न देणारा मात्र एकावर चौदा शून्ये इतक्यांत एखादाच! म्हणूनच दोन-तीन प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध बहुधा १४ दिवस एकत्र देतात.

परंतु एक औषध आधीच निकामी झाले असेल, तर हा हिशेब कोलमडतो. जुलाबासाठी आपण मनानेच मेट्रोनिडॅझोल घेतो, तेव्हा जठरातल्या या जिवाणूंचीही निवड होत असते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जिवाणूचा समावेश नव्या औषधांची निकड असलेल्या जिवाणूंच्या यादीत केला होता. शून्यांचा हा गुणाकार वर्गात फळ्यावर जरूर मांडावा.