विश्लेषण : ‘हूडी’वर नाणी खोटी, सराव खरा! ब्लॉकचेनचे चाचणी नेटवर्क कसे वापरायचे?

वरठी गावातील रेल्वे स्थानकाचे नाव वरठी नाही, ‘भंडारा रोड’ आहे. इथेरियम ब्लॉकचेनची चाचणी नेटवर्केही स्थानकांच्या नावांनीच ओळखली जातात. रोप्स्टेन स्टॉकहोमचे, गोअर्ली बर्लिनचे, सेपोलिया अथेन्सचे. १७ मार्च २०२५ रोजी सुरू झालेल्या नव्या नेटवर्कला मात्र बेंगळूरुतील ‘हूडी’चे नाव मिळाले. त्याचा साखळी क्रमांक ५६००४८, म्हणजे हूडी परिसराचा पिनकोड!

नवे नेटवर्क कशासाठी?

ब्लॉकचेनवर एकदा झालेला व्यवहार मागे घेता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सुधारणा आधी किंमत नसलेल्या नाण्यांवर तपासली जाते. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘पेक्ट्रा’ ही सुधारणा होलेस्की या चाचणी नेटवर्कवर लागू झाली आणि साखळीच दुभंगली. काही सॉफ्टवेअरमध्ये ठेव-कराराचा पत्ता चुकीचा नोंदला गेला होता, एवढेच कारण. घडी बसायला दोन आठवडे गेले. बाहेर पडणाऱ्या पडताळणीदारांची रांगही इतकी लांबली की पुढच्या चाचण्या तिथे करणे अवघड झाले. म्हणून हूडी उभे राहिले. तिथे २६ मार्चला तपासलेली ‘पेक्ट्रा’ ७ मे रोजी मुख्य नेटवर्कवर आली. हाच घोळ आधी तिथे झाला असता, तर लोकांचा खरा पैसा अडकला असता.

सुरुवात कशी करावी?

मोबाइलवर मेटामास्कसारखे वॉलेट त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. सरावासाठी नवे, वेगळे वॉलेट उघडा. खरी नाणी असलेले वापरू नका. वॉलेटचे १२ शब्द कागदावर लिहून ठेवा, त्यांचा स्क्रीनशॉट नको. मग सेटिंगमध्ये चाचणी नेटवर्क दिसू द्या. हूडी यादीत नसेल तर वरचा साखळी क्रमांक आणि इथेरियमच्या अधिकृत माहितीतील जोडणीचा पत्ता भरा.

आता नाणी हवीत. ती ‘फॉसेट’ म्हणजे नळावरून मिळतात, तीही फुकट आणि थोडी थोडी. काही नळ त्याबदल्यात तुमच्या ब्राउझरकडून गणिते सोडवून घेतात. फोन तापतो, बॅटरी उतरते. मिळालेले इथर स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर पाठवा आणि तो व्यवहार ब्लॉक एक्सप्लोररवर शोधा. पहिला धडा झाला.

ॲप किंवा स्मार्ट करार लिहायला शिकणाऱ्यांसाठी सेपोलिया अधिक सोयीचे. हूडी मुख्यतः पडताळणी आणि स्टेकिंगच्या सरावासाठी आहे.

फसवणूक कुठे होते?

चाचणीच्या नाण्याला किंमत नसते, तरी २०२३ मध्ये गोअर्लीची नाणी चक्क विकली जाऊ लागली होती! कुणी ‘टेस्ट इथर’चे पैसे मागत असेल, तर ते देऊ नका. नाणी देण्यासाठी कोणताही नळ तुमचे १२ शब्द मागत नाही, त्याला फक्त खात्याचा पत्ता लागतो. शब्द मागणारे पान लगेच बंद करा.