तुलना गटाचं ऋण

जिभेच्या कडेला कॅन्सरची छोटी गाठ आहे. वेळेवर सापडली आहे. सर्जन ती काढून टाकणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. प्रश्न मानेचा आहे. तोंडाचा कॅन्सर पसरतो तो बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये. पण या रुग्णाची मान हाताला स्वच्छ लागते. मग जिभेच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढाव्यात, की वाट पाहावी आणि गाठ वर आली तरच मानेला हात लावावा?

दिसायला साधा वाटणाऱ्या या प्रश्नावर जगभरचे सर्जन सुमारे पन्नास वर्षं भांडत होते. हाताला न लागणारा आजार दर दहांतल्या दोन-तीन रुग्णांच्याच मानेत लपलेला असतो. सरसकट सगळ्यांची मान साफ केली, तर उरलेल्या सात-आठ जणांना विनाकारण मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागते. व्रण राहतो, काहींचा खांदा कायमचा दुखरा होतो, हात पूर्वीसारखा वर जात नाही. न काढाव्यात, तर ज्यांच्या मानेत आजार दडलेला आहे त्यांची वेळ हातची जाते. दोन्ही बाजूंना नावाजलेले सर्जन होते आणि आपापल्या अनुभवावर सगळ्यांचा विश्वास होता.

हा वाद मिटला तो मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीच्या या देशात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इतके येतात की उत्तर शोधण्याची शक्यताही इथेच होती आणि जबाबदारीही. 2004 मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी सुरू केली. संमती दिलेल्या रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली गेली. दुसऱ्या गटावर बारीक लक्ष ठेवलं गेलं आणि गाठ दिसताच शस्त्रक्रिया केली गेली. कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, रुग्णानेही नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं.

चिठ्ठी कशासाठी?

जीवन-मरणाचा निर्णय चिठ्ठीवर सोडणं अनेकांना निर्दयपणाचं वाटतं. तिची गरज समजून घ्यायला टाटा मेमोरियलचीच दुसरी एक चाचणी पाहू.

स्तनाचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरल्यावर निदान झालं, तर स्तनातली मूळ गाठ काढून काही उपयोग होतो का? जुन्या नोंदी तपासणाऱ्या अनेक अभ्यासांत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया जास्त जगलेल्या दिसत होत्या. त्यावरून शस्त्रक्रिया करावी असाच निष्कर्ष कुणीही काढला असता. पण सर्जन शस्त्रक्रियेसाठी कुणाला निवडतो? जिची प्रकृती बरी आहे, आजार थोडा आहे, औषधांना प्रतिसाद चांगला आहे, तिला. ती तशीही जास्त जगण्याची शक्यता होती. श्रेय मात्र शस्त्रक्रियेला मिळत होतं.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली 2005 ते 2013 या काळात 350 स्त्रिया या चाचणीत सामील झाल्या. इथेही गट चिठ्ठीनेच ठरले, त्यामुळे सशक्त आणि अशक्त दोन्ही गटांत सारख्याच वाटल्या गेल्या. निकाल 2015 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या गटाचं मध्यम आयुर्मान 19.2 महिने होतं, न झालेल्या गटाचं 20.5 महिने. आयुष्य वाढलं नव्हतं. म्हणजे आयुष्याचे मोजकेच महिने हाती असलेल्या स्त्रीला आयुष्य वाढेल या आशेवर शस्त्रक्रियेला नेण्याचं कारण उरलं नाही. ‘उपयोग नाही’ हे उत्तरही वेदना वाचवतं, पैसा वाचवतं, शेवटचे दिवस घरच्यांबरोबर घालवू देतं. म्हणून मी या निकालाला अपयश मानायला तयार नाही.

मानेच्या प्रश्नाचं उत्तर उलट बाजूने आलं. पहिल्या 500 रुग्णांची माहिती तपासल्यावर फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणीत नवे रुग्ण घेणं थांबवण्यात आलं. मान आधीच साफ केलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हेच प्रमाण 67.5 टक्के होतं. आठ जणांची मान आधीच साफ केली तर एक मृत्यू टळतो, असा त्याचा हिशेब. 2015 मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आज जगात कुठेही या अवस्थेतला तोंडाचा कॅन्सर असलेला माणूस शस्त्रक्रियेला जातो, तेव्हा परळच्या त्या पाचशे जणांनी दिलेलं उत्तर त्याच्या सर्जनजवळ असतं.

ज्यात कुणाचा नफा नाही

औषधाची चाचणी महाग असते आणि ती बहुधा कंपनीच्या पैशाने होते. म्हणून कंपनीला ज्यातून परतावा मिळेल तोच प्रश्न आधी विचारला जातो. स्वस्त, जुन्या, कुणाच्या पेटंटमध्ये नसलेल्या उपायांबद्दल कोण विचारणार?

दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायला वापरतात ते लिग्नोकेन घ्या. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला धक्का लागतो आणि त्या क्षणी काही पेशी निसटून पुढे पसरण्याची भीती असते. भूल देणारं हे औषध पेशींच्या आवरणातले सोडियमचे मार्ग रोखतं. मग शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी तेच गाठीभोवती टोचलं तर पेशींचं निसटणं कमी होईल का? हा प्रश्न डॉ. बडवे आणि सहकाऱ्यांनी विचारला. 2011 पासून देशातल्या 11 कॅन्सर केंद्रांत 1,600 स्त्रिया या चाचणीत सामील झाल्या. पाच वर्षांनी, इंजेक्शन दिलेल्या गटात 90.1 टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्या गटात 86.4 टक्के. निकाल 2022 मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला गेला आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

फरक शंभरात जेमतेम चार जणींचा. पण स्तनाच्या कॅन्सरसाठी दरवर्षी शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांची संख्या डोळ्यांपुढे आणली की त्या चारचे हजारो होतात. अशा उपायाचा पाठपुरावा करायला बाजार पुढे येत नाही. सार्वजनिक पैशावर चालणारी रुग्णालयंच तो करू शकतात. अशा संस्थांना संशोधनासाठी पैसा द्यायचा की नाही, हा प्रश्न म्हणूनच थेट रुग्णांच्या जिवाशी येऊन भिडतो.

बार्शीहून निघालेल्या आरोग्यसेविका

आता शस्त्रक्रियागृहातून बाहेर, मराठवाड्याच्या वाटेवर. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागाची पहिली कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. हे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक प्रचंड चाचणी हाती घेतली.

प्रश्न गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा होता. हा आजार हळूहळू वाढतो आणि आधी सापडला तर टाळता येतो. तपासणीच्या तीन पद्धती हाताशी होत्या. एक, या कॅन्सरला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी. दोन, पेशी काचपट्टीवर घेऊन पाहण्याची पॅप तपासणी. तीन, गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी पाहणं. ग्रामीण भारतात, जिथे बाई आयुष्यात एकदाच तपासणीला येण्याची शक्यता आहे, तिथे यातली कुठली पद्धत तिचा जीव वाचवेल?

गावांचे 52 समूह केले गेले आणि त्यांची चार गटांत विभागणी झाली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया या अभ्यासात होत्या. तीन गटांना एकेक तपासणी मिळाली. चौथा होता तुलना गट, 31,488 स्त्रियांचा. त्यांना आजाराची माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली, पण तपासणी घरापर्यंत आली नाही.

‘खालच्या’ आजाराबद्दल घरातही न बोलणाऱ्या बायकांना तपासणीच्या टेबलापर्यंत आणायचं काम घरोघरी फिरणाऱ्या सेविकांनी केलं. सासूला समजवायचं, नवऱ्याला समजवायचं, शेतातल्या कामाची वेळ टाळून बोलवायचं. आकडेवारीच्या प्रत्येक तक्त्यामागे ही पायपीट आहे.

आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या कॅन्सरने गेल्या. तुलना गटात, जवळपास तेवढ्याच स्त्रियांपैकी, 64 जणी गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले होते. पॅप आणि ॲसेटिक ॲसिडच्या गटांत एका फेरीने तसा ठळक फरक पडला नाही. 2009 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दरम्यान मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 1998 पासून दुसरी चाचणी चालू होती. तिथे ॲसेटिक ॲसिडची तपासणी एकदाच न करता दर दोन वर्षांनी, चार वेळा केली गेली. तीही डॉक्टरांनी नव्हे, तर थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी. बारा वर्षांनी मृत्यूचं प्रमाण 31 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की धडा नीट वाचता येतो: महाग चाचणी एकदा पुरते, स्वस्त चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

त्या 64 जणी

इथे थांबायलाच हवं. मुंबईच्या चाचणीतही तुलना गटात 76,178 स्त्रिया होत्या. दोन्हीकडच्या मिळून एक लाखाहून जास्त स्त्रियांना तपासणी मिळाली नाही आणि त्यांच्यातल्या काही जणी टाळता येणाऱ्या आजाराने मरण पावल्या. यावर जागतिक वैद्यकविश्वात तीव्र टीका झाली. पाश्चात्त्य देशांत तपासणीने मृत्यू घटल्याचं दशकानुदशकं दिसत असताना गरीब स्त्रियांचा तपासणीविना गट ठेवणं न्याय्य होतं का?

संशोधकांचं उत्तर असं की भारतात या स्त्रियांसाठी प्रचलित सेवा म्हणजे तपासणीचा अभावच होता. चाचणीने त्यांचं काही हिरावून घेतलं नाही, आणि इथल्या परिस्थितीत काय चालतं याचा पुरावा मिळाल्याशिवाय सरकार काहीही सुरू करणार नव्हतं.

मला दोन्ही बाजूंचं वजन जाणवतं. हा प्रश्न परळला नवाही नाही. टाटा मेमोरियलपासून हाकेच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. 1897 च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिना संपायच्या आत ती भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांना दिली. लस न घेतलेल्या कैद्यांशी तुलना झाली आणि लस उपयोगी ठरली. पण साथीने घेरलेल्या, कुलूपबंद माणसाचा होकार कितपत मोकळा होता? गरीब वस्तीतल्या बाईच्या अंगठ्याबद्दलही हेच विचारावं लागतं.

आज यासाठी कायद्याचा आधार आहे. 2009 पासून देशातल्या प्रत्येक चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते, ती कुणालाही पाहता येते. 2019 च्या नव्या नियमांनुसार चाचणीत इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिकही असावा लागतो. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत हवं, आणि वाचता न येणाऱ्याजवळ निष्पक्ष साक्षीदार हवा. कुठल्याही क्षणी ‘मला नको’ म्हणता येतं आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत. आपल्या घरातल्या कुणाला चाचणीबद्दल विचारलं गेलं तर घाबरून नकार देऊ नये आणि भिडेखातर सहीही करू नये. विचारावं: दोन गटांना काय मिळणार? कुठला बरा हे खरोखरच माहीत नाही ना? खर्च कुणाचा? काही बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा?

फेड

संमती आणि भरपाई हा व्यवहाराचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा चाचणी संपल्यावर सुरू होतो. तुलना गटातल्या स्त्रियांनी काही न मिळवता आपल्याला उत्तर दिलं. त्या उत्तराचं आपण काय केलं?

केंद्र सरकारने 2016 मध्ये 30 वर्षांवरील स्त्रियांच्या ॲसेटिक ॲसिड तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांना विचारलं, तेव्हा गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया 1.9 टक्के निघाल्या. शंभरात दोन. उस्मानाबादचं उत्तर हाती येऊन तोवर दहा वर्षं होऊन गेली होती. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणी, न विचारता, न सांगता, तुलना गटातच होत्या. फरक एवढाच की आता शोधण्यासारखा प्रश्न शिल्लक नाही, त्यामुळे त्यांना तिथे ठेवण्याचं कुठलंही समर्थन नाही.

म्हणून माझी एक ठाम मागणी आहे. सार्वजनिक पैशावर आणि गरिबांच्या संमतीवर उभी राहणारी चाचणी मंजूर करतानाच एक कागद अधिक लिहून घ्यावा: उत्तर होकारार्थी आलं तर अंमलबजावणी कोण करणार, त्यासाठी पैसा कुठून येणार, आणि ती सुरू कुठल्या गावांपासून होणार. यादीत पहिली नावं तुलना गटातल्या गावांची असावीत. त्या कागदावर सही करायला सरकार तयार नसेल, तर त्या गावातल्या बाईकडे सही मागण्याचा अधिकारही कुणाला नसावा.