दम कमावला, आता कंबर कसा

रमजान लागला की घराचं घड्याळच बदलतं. पहाटे सहरी, मग फजरची नमाज, सूर्यास्ताला इफ्तार, रात्री इशानंतर तरावीह. या धावपळीत सर्वांत आधी सुटतं ते सकाळचं फिरणं. भंडाऱ्यात खांब तलावाच्या परिसरात किंवा वैनगंगेच्या बाजूला रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्यांत रोजेदारही असतात. सहरीनंतर तासभर घाम गाळायचा आणि पुढे सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोट नाही, हे अंगाला झेपत नाही. मग महिनाभर व्यायाम बंद ठेवायचा का?

बंद ठेवायचं कारण नाही. प्रकार मात्र बदलता येतो. सहा-आठ महिने फक्त चालणाऱ्या किंवा धावणाऱ्यांना या बदलाची गरज तशीही असते.

अशा लोकांची तक्रार साधारण एकच असते. वजन उतरलं, जिना चढताना धाप लागत नाही, साखर-रक्तदाबही ताब्यात आहे. पण पोट सैलच दिसतं आणि गॅसचं सिलिंडर उचललं की कंबर धरते. यात चालण्याचा दोष नाही. चालण्या-धावण्याने हृदय आणि फुप्फुसं कणखर होतात, दम वाढतो. स्नायू मात्र भार पेलल्यानेच बळकट होतात. शिवाय नुसतं चालून आणि कमी जेवून वजन उतरवलं, तर चरबीबरोबर थोडा स्नायूही झडतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू तसाही कमी होत जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीच्या व्यायामासोबत किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगितलं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी यातला पहिलाच अर्धा भाग ऐकलेला असतो.

भरतीच्या मैदानावरचा धडा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना हे वेगळं सांगावं लागत नाही. शिपाई पदाची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. नुसतं धावून धावून तयार झालेला उमेदवार लांबच्या दौडीत पुढे असतो आणि गोळ्यापाशी अडतो. गोळा हाताने सुटत असला तरी जोर पायातून निघतो, कंबरेतून वर चढतो आणि मग हातात येतो. मधला भाग ढिला असला की जोर तिथेच मुरतो.

हा मधला भाग म्हणजे फक्त पोट नव्हे. समोर आणि बाजूला पोटाचे स्नायू, मागे कण्यालगतचे, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. हे सगळे मिळून कण्याभोवती पट्टा बांधल्यासारखं काम करतात. धानाचं पोतं उचलणारा हमाल असो की दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणारी बाई, भार कण्यावर जाणार की स्नायूंवर, हे या पट्ट्यावर ठरतं. मोठ्या कामाआधी ‘कंबर कसली’ असं मराठी माणूस उगाच म्हणत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पोटाचा व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी वितळत नाही. चरबी आहारावर आणि एकूण हालचालीवर साऱ्या अंगातून हळूहळू उतरते. व्यायामाने तिच्याखालचा स्नायू घट्ट होतो. या दोन्ही गोष्टी झाल्या की पोट आत गेलेलं दिसतं.

आपल्याच मातीतली मेहनत

यासाठी महागडी जिम लागत नाही. दंड, बैठका, जोर ही आखाड्यातली मेहनत याच भागावर बेतलेली आहे. आखाड्याला आपण ‘तालीम’ म्हणतो तो शब्द अरबीतून आला आणि ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’चा मराठी अवतार. मल्लखांबावर तर सारं शरीर कंबरेच्या बळावर तोललं जातं. गामा पहिलवान 1910 साली लंडनला जाऊन परदेशी मल्लांना भिडला, तो याच दंड-बैठकांच्या जोरावर. आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं तिथे करून दाखवली होती. या मातीत घाम गाळणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारला नाही.

वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा

रोजेदारांसाठी दोन वेळा सोयीच्या. इफ्तारच्या अर्धा तास आधी हलका व्यायाम, कारण लगेच पाणी मिळतं. थोडा जोराचा व्यायाम करायचा तर इफ्तारनंतर तास-दीड तासाने किंवा तरावीह आटोपल्यावर. ज्यांचा रोजा नाही, त्यांनी सकाळ-संध्याकाळ कधीही करावा.

सुरुवात पाच प्रकारांनी करा. एक, कोपरं आणि चवडे जमिनीवर टेकून शरीर फळीसारखं सरळ धरा, 20 सेकंद. दोन, पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, नितंब वर उचलून थोडं थांबा, 10 वेळा. तीन, हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी लांब करा, मग बाजू बदला, दोन्हीकडे 8 वेळा. चार, बैठका 10. पाच, पाण्याने अर्ध्या भरलेल्या दोन बादल्या हातात घेऊन ताठ चालत अंगणाच्या दोन फेऱ्या. सगळं एकदा झालं की दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. श्वास कोंडू नका. आकडा वाढवण्याची घाई नको, कंबर खाली झुकली की तिथेच थांबा.

काही जण विचारतात, वीस रकात तरावीहमध्ये वीस रुकू आणि चाळीस सजदे होतात, तो व्यायाम नाही का? सांधे मोकळे राहतात हे खरं. पण नमाज ही इबादत आहे, तिच्याकडे कसरत म्हणून पाहू नये. स्नायूंना हवा तेवढा भारही त्यातून मिळत नाही.

ताटात काय

स्नायू ताटातून बांधला जातो. साध्या प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे जवळपास 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. मेहनत करणाऱ्याला थोडी जास्तच. एका अंड्यात 6 ग्रॅम, 50 ग्रॅम फुटाण्यांत 10 ग्रॅम मिळतात. इफ्तारला खजूर-पाण्यानंतर भजी-समोशांवर तुटून पडण्याऐवजी उकडलेले चणे, दही, अंडी, मासोळी घ्या. सहरीला नुसता भात किंवा चहा-पाव नको, सोबत डाळ किंवा अंडं असू द्या. इफ्तार ते सहरी पाणी थोडं थोडं पीत राहा.

मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणारे, हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा हर्निया असलेले, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. रोज्यात चक्कर आली, छातीत दुखलं किंवा हात थरथरले तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि गरज पडल्यास रोजाही सोडावा. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

तीस दिवसांत कुणी पहिलवान होत नाही. पण आठवड्यातून तीनदा धरले तर ईदपर्यंत बारा-तेरा वेळा ही मेहनत होते. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचं जड पातेलं चुलीवरून उतरवताना फरक जाणवला, तर सकाळचं फिरणं पुन्हा सुरू केल्यावरही आठवड्यातले दोन दिवस या मेहनतीसाठी राखून ठेवा.