शेतांतलें गणित आणि पाटीवरचें गणित

लहान मुलांस गणिताची धास्ती कां वाटते, या प्रश्नाचा विचार सुशिक्षित घरांत बहुधा परीक्षेचा निकाल हातीं आल्यावर सुरू होतो आणि शिकवणी लावून संपतो. हाच विचार शेताच्या बांधावर बसून केला तर अधिक फलदायी होईल, असें आम्हांस वाटतें. निलंगा तालुक्यांत ज्यांची थोडीबहुत शेती आहे, किंवा ज्यांचे भाऊबंद अद्याप गांवीं राहून शेती पाहतात, अशा कुटुंबांस तर हें साधन घरचेंच आहे. परंतु साधन घरीं असणें निराळें आणि त्याचा उपयोग करून घेणें निराळें. तो कसा करावा, एवढेंच आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

शाळेंत आयुष्य घालविलेल्या कोणत्याही शिक्षकास दोन प्रकारचीं मुलें आठवतील. पहिलें मूल तीनाचा पाढा घडाघडा म्हणतें. परंतु तिफणीचे सात फेरे झाले तर किती ओळी पेरल्या गेल्या, असें विचारतांच तें तोंडाकडे पाहत राहतें. तिफणीस तीन फण असतात हें त्यानें पाहिलेलें असतें, तीन सत्ते एकवीस हेंही त्यास ठाऊक असतें. पण दोहोंची गांठ पडलेली नसते. दुसरें मूल सालदाराचें. आमच्या वर्गांत असा एक मुलगा होता. पंचवीस-पंचवीस पेंढ्यांचे चार ढीग झाले कीं कडब्याचा शेकडा भरला, हें तो बापाच्या शेजारीं उभा राहून बिनचूक सांगे. मात्र फळ्यावर २५ × ४ असें लिहिलें कीं त्याची मान खालीं जाई. चौथीनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. याला गणित येत नाहीं, असा इतरांचा समज झाला होता. आणि त्याहून वाईट गोष्ट ही कीं, त्याचा स्वतःचाही तोच समज झाला होता.

हा प्रकार केवळ आमच्याच भागांतला नव्हे. ब्राझील देशांतील रेसिफे शहरांत तेरेझिन्हा काराहेर व त्यांचे सहकारी यांनीं रस्त्यावर फळें-नारळ विकणाऱ्या पांच मुलांची परीक्षा घेतली व ती १९८५ सालीं प्रसिद्ध केली. गिऱ्हाइकाच्या रूपानें तोंडीं विचारलेल्या हिशेबांपैकीं शेंकडा ९८ त्या मुलांनीं बरोबर सोडविले. त्याच तऱ्हेची आंकडेमोड कागदावर मांडून दिली, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ३७ वर उतरलें. पस्तीसांचा एक, असे दहा नारळ केवढ्याला, असें विचारतां एका मुलानें तीन नारळांचे १०५ धरून, त्यांत आणखी तीन-तीन नारळ मिळवीत, ३५० हें उत्तर काढलें. पस्तिसापुढें शून्य मांडण्याची शाळेंतील रीत त्याच्या उपयोगीं पडली नाहीं. स्वतःची रीत पडली.

आपल्या देशांत अभिजित बॅनर्जी, एस्थेर डुफ्लो आदि संशोधकांनीं कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेंहून अधिक मुलांची पाहणी केली. ती २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. बाजारांतील गुंतागुंतीचे हिशेब चटकन् करणारीं हीं मुलें शाळेच्या पुस्तकांतील त्याहून सोप्या उदाहरणांपुढें अडखळलीं. उलट, शाळेंत शिकणाऱ्या ज्या मुलांस बाजाराची सवय नव्हती, तीं बाजारच्या हिशेबापुढें अडखळलीं. यावरून एक गोष्ट उघड होते. मुलास शेतावर नेलें म्हणजे पाटीवरचें गणित आपोआप येईल, ही आशा व्यर्थ आहे. आणि पाटीवर पुष्कळ गिरविलें म्हणजे व्यवहार आपोआप साधेल, ही आशाही तितकीच व्यर्थ. दोहोंमध्यें पूल बांधावा लागतो, आणि तो कोणा तरी जाणत्या माणसानें मुलाजवळ बसून बांधावा लागतो. एकत्र कुटुंबांत असें माणूस नाहीं, असें सहसा होत नाहीं. आजोबा आहेत, आजी आहेत, काका-काकू आहेत. उणीव असली तर ती योजनेची.

ही योजना तीन पायऱ्यांची असावी. मुलानें प्रथम काम हातानें करावें, मग काय केलें तें तोंडानें सांगावें, आणि शेवटीं तेंच त्या दिवशींच पाटीवर किंवा वहींत आंकड्यांनीं मांडावें. तिसरी पायरी दुसऱ्या दिवसावर टाकूं नये. कारण हातांत मातीचा ओलावा आहे तोंच आंकडा आणि वस्तु यांची ओळख पक्की होते.

चार-पांच वर्षांच्या मुलांपासून आरंभ करूं. सुपांत मूठभर तूर, हरभरा, सोयाबीन आणि करडई मिसळून द्यावी व मुलास निवडावयास सांगावें. निवडणें, सारखें-वेगळें ओळखणें, कमी-अधिक पाहणें, हाच गणिताचा ओनामा आहे. मग हरभऱ्याचे दाणे एका ओळींत व तुरीचे दुसऱ्या ओळींत, जोडीला जोडी लावून मांडावे. कोणते उरले हें न मोजतांही दिसतें. तुरीचें पान तीन पानांचें, सोयाबीनचेंही तीन पानांचें, बेलाचेंही तीनांचें. गाईचे पाय चार. बैलांची जोडी दोनांची. अशा वस्तूंतून ‘तीन’ हा शब्द सुटा न राहतां डोळ्यांस दिसूं लागतो.

आपल्या लातूर भागांत मार्गशीर्षांतील अमावास्येस, म्हणजे येळवशीस, सारें घर शेतांत जातें. कडब्याची कोप उभारितात, चुन्यानें रंगविलेले पांच दगड पांडव म्हणून मांडून पूजा होते, भज्जी आणि अंबिलाचें जेवण होतें. पूजा आटोपल्यावर मुलांस शेजारीं दुसरे पांच खडे द्यावे. पांचांचे दोन वाटे किती प्रकारांनीं होतात? एक आणि चार, दोन आणि तीन. क्रम उलटला तर चार आणि एक, तीन आणि दोन. मुलें हें स्वतः शोधून काढतात. पांच म्हणजे काय, हें ज्यास अशा रीतीनें कळलें, त्यास पुढें हातच्याची बेरीज जड जात नाहीं.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठीं पेरणीचा हंगाम ही मोठी शाळा आहे. तिफणीच्या एका फेऱ्यास तीन ओळी, दोन फेऱ्यांस सहा, चार फेऱ्यांस बारा. मुलानें प्रत्येक फेऱ्यास एक खडा ठेवावा, नंतर ओळी मोजाव्या आणि घरीं येऊन ४ × ३ = १२ असें लिहावें. आज पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरच्या यंत्रानें पेरणी होते. तेथें यंत्र उभें असतां फण किती तें मुलास मोजूं द्यावें. जितके फण, तितक्याचा पाढा.

सोयाबीन काढणीस आलें म्हणजे प्रत्येक मुलास वीस शेंगा द्याव्या. सोलण्यापूर्वीं ‘दाणे किती निघतील?’ असा अंदाज वदवून घ्यावा. मग शेंगा सोलून, एक दाण्याच्या, दोन दाण्यांच्या व तीन दाण्यांच्या शेंगांचीं टरफलें वेगळ्या ओळींत लावावीं. बहुतेक शेंगांत दोन किंवा तीन दाणे असतात; त्यामुळें त्या ओळी लांब होतात. तोच आकार वहींत चौकटी रंगवून काढला कीं मुलाच्या हातून पहिला आलेख तयार होतो, आणि आलेख हा शब्द त्यास ऐकवावाही लागत नाहीं.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांस माप शिकवावें. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौकोन, क्षेत्र १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुलाचें पाऊल दीड फुटाचें भरलें तर गुंठ्याची एक बाजू २२ पावलांची होते, कारण बाविसाची दिडकी तेहतीस. ज्या आजोबांस पावकी, निमकी, सवायकी, दिडकी अद्याप येते, त्यांनीं ती याच वेळीं नातवंडांस द्यावी. देशांत १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं आणि १९५८ पासून दशमान वजनें येऊं लागलीं. त्यामुळें शेर, पायली व मण मागें पडले हें खरें. परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड व अडीच हे शब्द आजही भाजीच्या प्रत्येक तराजूवर जिवंत आहेत. अपूर्णांकाची भीति बाळगणाऱ्या मुलास ‘पाऊण किलो’ म्हणजे पावशाचीं तीन वजनें, हें तराजूवर दाखवून मग ३/४ लिहून द्यावें.

बियाणें घरचें असेल तर पेरणीपूर्वीं उगवण-चांचणीचें काम मुलांकडे सोंपवावें. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून दहा-दहांच्या दहा ओळींत ओल्या गोणपाटावर मांडावे, गुंडाळी करून सावलींत ठेवावी व ओल टिकवावी. आठवड्याच्या आंत निरोगी कोंब किती आले तें मोजावें. सत्तर आले तर शेंकडा सत्तर. या उगवणीस एकरीं ३० किलो बी धरण्याची शिफारस आहे. साठच उगवलें तर तेवढ्याच रोपांसाठीं ३५ किलो लागेल. शेंकडेवारीचा हा धडा मुलें विसरत नाहींत, कारण त्यांच्या मोजणीवर घरांतील वडील माणसें खरोखरच निर्णय घेत असतात. मात्र दुकानचें औषध लावलेलें रंगीत बियाणें मुलांच्या हातीं कधींही देऊं नये, आणि लहानग्यांस दाण्यांशीं एकटें सोडूं नये; तीं दाणे नाकाकानांत घालतात.

राशीच्या दिवसांत तर खुद्द भास्कराचार्य मदतीस येतात. त्यांनीं शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० सालीं पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणींत ‘लीलावती’ हा भाग आहे, आणि तींत धान्याच्या राशीचें स्वतंत्र प्रकरण आहे. जमिनीवर ओतलेल्या राशीचा परीघ दोरीनें मोजावा. हरभऱ्यासारख्या मोठ्या दाण्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक दाण्याच्या राशीची अकराव्या हिश्श्याइतकी, आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्श्याइतकी धरावी. परिघाच्या सहाव्या हिश्श्याचा वर्ग करून त्यास उंचीनें गुणिलें कीं राशीचें घनफळ येतें. आचार्यांचें उदाहरण ६० हात परिघाच्या मोठ्या दाण्याच्या राशीचें आहे: उंची ६ हात, सहावा हिस्सा १०, त्याचा वर्ग १००, घनफळ ६०० घनहात. शंकूच्या घनफळाच्या सूत्रांत व्यास व परीघ यांचें प्रमाण स्थूलमानानें १ : ३ धरिलें तर हेंच येतें. लहान मुलांस घनफळ सांगण्याचें कारण नाहीं. ताडपत्रीवर हरभऱ्याची एक व राजगिऱ्याची एक अशा लहानशा राशी ओताव्या, दोरी व काठी मुलांच्या हातीं द्यावी, आणि आचार्यांचें म्हणणें कितपत जुळतें तें त्यांनींच पाहावें. साडेआठशें वर्षांपूर्वींच्या पंडिताची परीक्षा घेण्यांत मुलांस मोठी मौज वाटते.

निलंग्याच्या मुलांस आणखी एक उदाहरण जवळचें आहे. २०१९ सालच्या शिवजयंतीस येथील शेतजमिनीवर कलाकार मंगेश निपाणीकर यांनीं उगवत्या हिरवळींतून छत्रपति शिवाजी महाराजांची कित्येक एकर विस्ताराची प्रतिमा साकारली होती. जवळ उभें राहणाऱ्यास केवळ रोपें, उंचावरून पाहणाऱ्यास महाराजांची मुद्रा! हें सारें प्रमाणाचें काम. परसांत याचा लहान प्रयोग करतां येतो. कागदावर दहा बाय दहा चौकटींत एखादें पान किंवा मासा काढावा, जमिनीवर दोऱ्या ताणून वीत-वीतभर चौकटी पाडाव्या, आणि कागदावर जी चौकट भरलेली, तीच जमिनीवर मेथीनें भरावी. पांच-सहा दिवसांत चित्र उगवतें, आणि चौकट चुकली असल्यास तीही उगवते.

या कामास महागडें साहित्य लागत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. पुढें त्या व अनुताई वाघ यांनीं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम केलें. बालशिक्षणाचीं परदेशी साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं, म्हणून त्यांनीं बिया, खडे, काड्या, पानें व शिंपले हींच साधनें केलीं. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली, ती कुरणशाळा. जर्मनींत फ्रेबेलनें १८४० सालीं आपल्या शाळेस ‘बालकांची बाग’ हें नांव दिलें, तेंही केवळ अलंकारिक नव्हतें. मुलांस त्यांत स्वतःचे वाफे असत. केंद्र सरकारनें २०२१ सालीं सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ योजनेचाही हेतु हाच कीं, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास वाचन आणि मूलभूत अंकगणित यावें.

वडील मंडळींस दोन सूचना करून हा लेख पुरा करूं. पहिली ही कीं, या खेळाची परीक्षा होऊं देऊं नये. उत्तर चुकलें तर ‘पुन्हां मोजून पाहूं’ एवढेंच म्हणावें. शेंगा तेथेंच आहेत, ओळी तेथेंच आहेत, चूक काय झाली तें त्याच दाखवितील. दुसरी अधिक महत्त्वाची. शेतांत आपल्या मुलांबरोबर सालदाराचीं मुलेंही असतात. त्यांस ओळी, पेंढ्या व राशी यांचें ज्ञान आपल्या मुलांहून अधिक असतें. आपल्या मुलांस पाटी अधिक परिचित असते. दोघांस एकत्र बसवावें. एकानें मोजावें, दुसऱ्यानें मांडावें, आणि मग कामें बदलावीं. यांत आपल्या मुलांवर उपकार होतो तितकाच त्यांच्यावर. किंबहुना त्यांच्यावर अधिक, कारण शाळा सुटण्याची पाळी बहुधा त्यांच्यावरच येते. येत्या येळवशीस शेतांत निघतांना अंबिलाच्या मडक्याबरोबर एक पाटी, एक लांब दोरी आणि पेन्सिलीचे दोन तुकडे घ्यावे. एक घरच्या मुलासाठीं, आणि एक त्याच्या सोबत्यासाठीं.